स्मोक्ड मीटलोफ फ्रीझ करताना: एकेका ताटापुरते तुकडे

मीटलोफ, म्हणजे खिमा पावाच्या लादीसारखा थापून भाजलेला लांबट गोळा, फ्रीझरमध्ये बिघडत नाही, तो बहुतेक वेळा त्याआधी ओट्यावरच बिघडतो. सिगडीवरून उतरवलेला अख्खा लोफ झाकून ठेवला की आतली उष्णता तासन्‌तास अडकून राहते, आणि 5 ते 60 अंश सेल्सियसच्या मध्ये जीवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून खरं लक्ष द्यायचं ते थंड करण्याकडे.

हिशोब 1 किलो मटण खिम्याचा धरू. पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटातून आणा नाहीतर घराजवळच्या दुकानातून, खिमा समोर काढून घ्या आणि थोडी चरबी ठेवायला सांगा. निव्वळ लाल खिम्याचा लोफ फ्रीझ केल्यावर कोरडा लागतो. त्यात 100 ग्रॅम शिळ्या पावाचा चुरा, 2 अंडी आणि परतून गार केलेला एक मोठा कांदा. चुरा कमी करू नका, सुटणारा रस तोच धरून ठेवतो. लवंग, मिरी आणि लसूण मात्र नेहमीपेक्षा हात आखडून घाला, कारण फ्रीझरमध्ये त्यांची चव उग्र आणि किंचित कडवट होत जाते. मध्ये उकडलेली अंडी किंवा बटाटा भरायचा मोह टाळा. पांढरा बलक रबरासारखा होतो, बटाटा भुसभुशीत.

झाकणाच्या बार्बेक्यूत कोळसे एका बाजूला आणि लोफ दुसऱ्या बाजूला ठेवून धूर द्या. मधोमध थर्मामीटर खुपसल्यावर 71 अंश दिसले की उतरवा. वर टोमॅटोचा गोड सॉस लावायचा असेल तर तो खायच्या दिवशीच लावा. आधी लावला तर गरम करताना पाणी सुटून वरचा थर ओघळतो.

उतरवल्यावर जाळीवर 15-20 मिनिटं ठेवा, म्हणजे रस मुरतो. मग लोफचे आडवे दोन भाग करा आणि पंख्याखाली उघडे ठेवा. वाफ थांबली की फ्रीजमध्ये. उतरवल्यापासून फ्रीजमध्ये जाईपर्यंत एरवी दोन तासांची मुभा असते. एप्रिल-मेमधल्या पुण्याच्या उन्हाळ्यात एकच तास धरा. फ्रीजमध्ये रात्रभर राहू द्या. गरम लोफ कापला तर सुरीखाली चुरा होतो. गार, घट्ट झालेला लोफ बर्फीसारखा कापला जातो.

तुकडा 2 ते अडीच सेंटीमीटर जाड, साधारण 120 ग्रॅमचा. एका किलोचे आठेक होतात. यापेक्षा पातळ कापले तर गरम करताना सुकतात.

ताटाला बटर पेपर लावून तुकडे एकमेकांना न चिकटतील असे मांडा आणि दोन तास फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या. गठ्ठ्याने ठेवले तर मधले तुकडे हळूहळू गोठतात, बर्फाचे मोठे स्फटिक मांसाचे धागे फाडतात आणि वितळल्यावर ताटात पाणी साचतं. कडक झाले की प्रत्येक तुकडा प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळा आणि झिपच्या जाड पिशवीत घाला. हवा काढायला पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून ती पाण्याच्या बादलीत हळूहळू बुडवा, तोंड मात्र पाण्याबाहेर. पाण्याच्या दाबाने हवा निघून जाते, मग झिप लावा. राहिलेल्या हवेनेच कडा पांढुरक्या, चामड्यासारख्या होतात. दुहेरी गुंडाळणी आवश्यकच आहे, नाहीतर शेजारच्या आइस्क्रीमला धुराचा वास लागतो. पिशवीवर तारीख लिहा.

उणे 18 अंशाच्या फ्रीझरमध्ये चव दोन-तीन महिने चांगली राहते. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुधा इतका गार होत नाही. तिथे ठेवलेला लोफ एक-दोन आठवड्यांत संपवा.

पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, त्यामुळे फ्रीझ करायचं काम बुधवारी रात्री काढू नका. फ्रीझर भरलेला असेल आणि दार उघडलं नाही तर माल साधारण 48 तास, अर्धा भरलेला असेल तर 24 तास गोठलेला राहतो. गावाला जाताना वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. तो लोफ टाकून द्या.

खायच्या आदल्या रात्री तुकडा फ्रीजमध्ये उतरवा, ओट्यावर नको. तव्यावर चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवा आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं गरम करा. आत 74 अंश व्हायला हवेत. धुराचा वास मावळलेला वाटला तर वाटीत निखारा ठेवून त्यावर अर्धा चमचा तूप सोडा आणि दोन मिनिटं झाकून धुंगार द्या, खिडकी उघडी ठेवून. एकदा गरम केलेला तुकडा पुन्हा फ्रीझ करू नका. उरलाच तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून अंड्यात घाला आणि कडक होईपर्यंत परता.