चुना दिलेल्या विटांच्या फायरप्लेसवरची काजळी अशी काढली

काजळीवर आधी पाणी मारू नका. ओली काजळी विटेच्या छिद्रांत उतरते आणि मग करडा डाग नव्या चुन्यातूनही वर येतो. आग विझल्यावर २४ तास थांबून मऊ ब्रशने, वरून खाली, ती कोरडीच झाडली. उरलेल्या डागांवर खायच्या सोड्याची घट्टसर पेस्ट १० मिनिटं ठेवून ओल्या फडक्याने टिपली. व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल नको, त्यात चुनाच विरघळतो.

उघड्या पडलेल्या विटा ओलसर करून दुधाइतक्या पातळ चुन्याचे २ हात दिले, मध्ये एक दिवस वाळू दिलं. कोरडी वीट चुन्यातलं पाणी लगेच शोषते आणि मग चुना हाताला लागत राहतो. जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात. चष्मा आणि हातमोजे हवेतच, चुना डोळ्याला फार इजा करतो. वरून ॲक्रिलिक सीलर लावू नका, ओल आत अडकते. ज्वाळा लागतात त्या आतल्या भागाला चुना देऊच नये.

फायरप्लेसच्या तोंडाच्या वरच्या कडेला काजळी पुन्हा पुन्हा धरत असेल तर आधी लाकूड ओलं आहे का, धुराड्याची झडप पूर्ण उघडते का आणि धुराडं तुंबलंय का ते पाहा.