नाग नदीच्या काठाला राहता? पुरात या चुका टाळा

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट ज्यांनी बघितली त्यांना वेगळं सांगायला नको. मध्यरात्रीनंतर चारेक तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, नागपुरातला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून थेट सीताबर्डी-मोरभवनपर्यंत पाणीच पाणी. काही जणांचे जीवही गेले. आम्ही ग्राउंड फ्लोअरला राहतो, नाल्यापासून दोन गल्ल्या आत, आणि त्या रात्री माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्याच चुका शेजारीपाजारी सगळ्यांनी केल्या होत्या, म्हणून लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त गेट सांभाळत बसणं. मी गेटपाशी रेतीची पोती रचत होतो आणि आतून आईची हाक आली, "अरे इकडे ये, बाथरूममधून पाणी येऊन राहिलं!" नदी तुडुंब भरली की नाले तिच्यात रिकामे होत नाहीत, मग पाणी गडर लाइनमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपात, शिरून उलटं फिरतं आणि जिथे सगळ्यात खालचं तोंड सापडेल तिथून वर येतं, म्हणजे तुमची मोरी, बाथरूमची जाळी, कमोड. समोरचा रस्ता कोरडा दिसत असतो आणि घरात घोटाभर घाण पाणी झालेलं असतं. ऐनवेळी करायचं असेल तर जाडसर प्लास्टिकच्या पिशवीत रेती भरून ती जाळीवर दाबून बसवा, वर वजन ठेवा, कमोडमध्येही तसंच. कायमचं करायचं असेल तर प्लंबरला सांगून घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं आत येऊ न देणारी झडप, बसवून घ्या आणि पावसाळ्याआधी त्याच्या झडपेत कचरा अडकला का ते उघडून बघा.

पण व्हॉल्व्ह लावूनही काहींच्या घरात पाणी भरतं, आणि त्याचं कारण बहुतेकदा गच्चीवर असतं. गच्चीचा पाइप लोकांनी सरळ गडरला जोडलेला असतो. हिशेब करून बघा, दीड हजार स्क्वेअर फुटांच्या प्लॉटवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास चौदा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे पाच हजारांचे पावणेतीन टँकर. व्हॉल्व्ह बंद झाला की तुमच्याच गच्चीचं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, मग ते तुमच्याच बाथरूममधून वर येतं. तो पाइप गडरपासून तोडा, विहीर किंवा बोअरच्या शोषखड्ड्याकडे वळवा. आणि अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे गट्टू ठोकू नका हो, काळी माती आधीच पाणी हळू पिते, त्यावर झाकण घातलं की सगळं पाणी खालच्या वस्तीकडे धावतं. लाव्याच्या टेकड्यांकडून निघालेली नाग अख्खं शहर ओलांडून पूर्वेला जाते, पुढे पिली नदी तिला मिळते, मग कन्हान, मग वैनगंगा, आणि आपण वर पश्चिमेला जे सोडतो ते पूर्व नागपुरातल्या लोकांना भोगावं लागतं.

आपल्या डोक्यावरचा पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असं समजणं, ही अजून एक चूक. वर तलाव भरलेला असेल तर पाऊस उघडल्यावरही पाणी चढतं. गल्लीतल्या पुलाच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक रेघ मारून ठेवा, पाणी रेघेला लागलं की आईवडील, लहान मुलं, कागदपत्रं, इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर, शेजाऱ्यांकडे का होईना.

घर बांधताना प्लिंथ, म्हणजे जोत्याची उंची, आजच्या रस्त्यावरून मोजू नका. आपल्याकडे सिमेंट रोड झाले आणि कितीतरी जुनी घरं रस्त्याच्या खाली गेली, मग साधा जोराचा पाऊस आला तरी पाणी उंबऱ्याशी. गाडी चढवायला नालीवर जे रॅम्प घालतो ना, त्याखाली कचरा तुंबतो आणि पूर्ण गल्ली बुडते, तिथे उचलता येईल अशी जाळी टाका.

मेन स्विच पाणी शिरायच्या आधी बंद करायचा असतो. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही, मग फ्रिज जळाला तर जळू द्या. गाडी पाण्यात बुडाली असेल तर चालू होते का बघू म्हणून स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं आणि दुरुस्तीने होणारं काम इंजिन बदलण्यावर जातं, शिवाय इन्शुरन्सवाले बोट ठेवतात. टो करून न्या. वाहत्या पाण्यातून गाडी काढायचा मोह तर नकोच, गुडघाभर धार छोटी कार उचलते.

पाणी ओसरल्यावर सगळे खराटा घेऊन धावतात. आधी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची खूण दिसेल असे, प्रत्येक खोलीचे, वस्तूंचे. आम्ही भिजलेल्या गाद्या लगेच फेकल्या आणि पंचनाम्याला माणूस आला तेव्हा दाखवायला काही नव्हतं, फार वाईट वाटलं. फोटो झाले की गाळ ओला असतानाच फावड्याने काढा, वाळला की दगड होतो. कपाटाखाली हात घालायच्या आधी काठी फिरवा, साप आसरा घेतात. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला पुरात उतरलो होतो हे आठवणीने सांगा.

जमिनीखालची टाकी तर जवळपास सगळेच विसरतात. झाकण जागेवर दिसतं, पाणीही वरून स्वच्छ दिसतं, पण आत गडरचं पाणी मिसळलेलं असतं आणि पंप लावला की तेच गच्चीवरच्या टाकीत चढतं. पूर्ण उपसा, भिंती घासा, मग हजार लिटरला दीडशे-दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी ते सगळं पाणी सोडून द्या, त्यानंतरच नळाचं पाणी घ्या. आणि हे होईपर्यंत पंपाचा फ्यूज काढून खिशात ठेवा, कारण घरातलं कोणीतरी सवयीने बटण दाबतंच.