खानदेशात ट्युलिप फुलवायचे असतील तर

ट्युलिपचे मूळ मध्य आशियातील थंड डोंगराळ मुलखात असल्यामुळे कंदाला काही आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय फुलाचा दांडा नीट वर येत नाही. श्रीनगरला ती थंडी आपोआप मिळते. जळगाव-धुळ्याकडच्या हिवाळ्यात पहाट गार असली तरी दुपार तापते, म्हणून इथे हे काम फ्रिजकडून करून घ्यावे लागते.

घट्ट, जड आणि बुरशी नसलेले कंद सप्टेंबरअखेरीस छिद्रे पाडलेल्या कागदी पिशवीत घालून ४ ते ७ अंश तापमानात १२ ते १४ आठवडे ठेवावेत. बर्फाच्या कप्प्यात ते ठेवू नयेत. त्या फ्रिजमध्ये पिकणारे फळ मात्र अजिबात नको, कारण केळी, पपई, सफरचंद यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतच मरते. पपईची एक फोड विसरल्यामुळे माझ्या एका कुंडीत नुसती पाने आली होती आणि कळ्या कागदासारख्या वाळून गेल्या होत्या. पिशवीवर ठळक नावही लिहावे. हा कंद थेट कांद्यासारखा दिसतो आणि तो खाण्याजोगा नाही. थंड करूनच विकलेले कंद मिळाल्यास लागवडीपर्यंत ते फ्रिजमध्येच ठेवावेत.

लागवड डिसेंबरअखेरीस करावी. उशीर झाला तर फेब्रुवारीचे ऊन फुलाला गाठते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो, त्यामुळे कुंडीच बरी. गाळाची माती, जाड वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून आठ इंची कुंडीत पाच-सहा कंद टोक वर करून बसवावेत. कंदाची एक बाजू किंचित चपटी असते. ती कुंडीच्या कडेकडे ठेवली की पहिले रुंद पान बाहेरच्या बाजूला झुकते आणि मधली जागा फुलांना मोकळी राहते. वर दोन-तीन इंच माती असावी.

पाणी सकाळी, माती ओलसर राहील इतकेच द्यावे. कुंडीला कोवळे ऊन मिळावे, परंतु अकरानंतर ती सावलीत हलवावी, कारण उष्णतेने पाकळ्या सताड उघडतात आणि फूल दोन-तीन दिवसांत गळते.

फुलून गेलेला कंद इथल्या उन्हाळ्यात पुन्हा फुलण्याइतका भरत नाही, म्हणून तो जपण्याचा खटाटोप मी करत नाही. रिकाम्या कुंडीत एप्रिल-मेमध्ये निशिगंधाचे कंद लावावेत. त्यांना आपली उष्णता मानवते.