युरोपातील जुने चांदीचे टालर कसे जमवावेत

सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय चांदीची नाणी जमवायची असतील, तर आधी एकच प्रकार निवडावा, आणि माझ्या मते तो टालर असावा. बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) योआखिमस्थाल या गावी श्लिक सरदार घराण्याने १५२० च्या सुमारास तिथल्याच खाणींतील चांदीची मोठी, वजनदार नाणी पाडली. गावाच्या नावावरून त्यांना टालर म्हणू लागले. ‘डॉलर’ हा शब्द त्याच नावातून आला.

पैसे खर्च करण्याआधी एका टांकसाळीचा नीट अभ्यास करावा. ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतातील हाल या गावी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीची पट्टी कोरीव रुळांमधून फिरवून छाप उमटवीत, म्हणून तिथला राज्यकर्ता आर्चड्यूक फर्डिनांड याच्या टालरला बहुधा किंचित बाक असतो. असे नाणे काचेवर ठेवून बाजूने पाहिले, तर कडेखाली उजेडाची बारीक फट दिसते. नवख्याला तो दोष वाटतो. खरे तर ती त्या घडणीची खूण आहे, आणि नाणे ठोकून सपाट करणे म्हणजे ती खूण कायमची पुसणे होय.

दुसरी पायरी वजनाची. नाण्याचे वजन करून घ्यावे. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवावे. आता दिसणाऱ्या आकड्याने मूळ वजनाला भागले की चांगल्या टालरचे उत्तर, म्हणजे त्याची घनता, १०.३ च्या आसपास येते. मात्र खऱ्या चांदीत ओतलेली नक्कल या परीक्षेत सापडत नाही, म्हणून दहापट भिंगाखाली पृष्ठभागावरील बुडबुड्यांचे खड्डे आणि कडेवरचा सांधा शोधावा. पूर्वी दागिन्यात अडकवलेल्या नाण्याच्या कडेला डाग दिल्याची (सोल्डरची) खूणही तिथेच दिसते. असे नाणे खरे असले तरी त्याची किंमत बरीच कमी धरावी.

ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा हिच्या १७८० सालच्या टालरबाबत विशेष सावध राहावे. तेच साल कायम ठेवून तो पुढे दोन शतकांहून अधिक काळ पाडला गेला, दुसऱ्या महायुद्धात तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही. त्यामुळे केवळ साल पाहून त्याला दुर्मिळ नाण्याची किंमत देऊ नये.

नाणे हाती आल्यावर चिंच, रांगोळी, दंतमंजन यांपैकी काहीही त्याला लावू नये, कारण शतकांनी चढलेली काळसर झाक एकदा गेली की परत येत नाही. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात हिरवट चिकट थर धरतो, म्हणून आम्लविरहित कागदाचे पाकीट वापरावे आणि त्यावर टांकसाळ, वजन, खरेदीची तारीख व आधीच्या मालकाची माहिती पेन्सिलीने लिहून ठेवावी.