खोकं तेच, आतली फ्लॅश वेगळी: नवी एसएसडी कशी तपासाल

एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी वापरायची चिपवाली ड्राइव्ह, जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घ्या की ऑनलाइन मागवा, मॉडेलचं नाव आतल्या मालाची हमी देत नाही. 2021 मध्ये क्रूशियल पी2 या एसएसडीमध्ये टीएलसीच्या जागी क्यूएलसी फ्लॅश आली (फ्लॅश म्हणजे डेटा साठवणारी चिप; टीएलसीच्या सेलमध्ये 3 बिट, क्यूएलसीच्या 4, म्हणून ती लिहायला हळू). डब्ल्यूडी ब्लू एसएन550 ची फ्लॅश बदलली आणि कॅश (डेटा आधी झटपट उतरवून घेणारा वेगवान भाग) भरल्यावरचा लिहिण्याचा वेग सेकंदाला 610 एमबीवरून 390 वर आला. नावं तीच, त्यामुळे जुने रिव्ह्यू वाचून अंदाज बांधू नका.

ड्राइव्ह रिकामी असतानाच तपासा. लेबलवरच्या पार्ट नंबरचा फोटो घ्या, ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅममधला फर्मवेअर नंबर टिपून ठेवा. चिप बघायला लेबल सोलू नका, वॉरंटी जाते.

वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्क प्रोग्रॅमच्या 1 जीबी चाचणीत फक्त कॅशचा वेग कळतो. दुकानात दाखवतात तो आकडा हाच. टीएलसीच्या एका सेलमध्ये 3 बिट मावतात, कॅश म्हणून वापरताना 1च. म्हणून रिकाम्या ड्राइव्हची कॅश फार तर एक तृतीयांश असते; निम्मी ड्राइव्ह भरेल एवढं लिहिलं की खरा वेग उघडा पडतो. 500 जीबीच्या ड्राइव्हवर एच2टेस्टडब्ल्यू या चाचणीच्या प्रोग्रॅमने 2,50,000 एमबी लिहा आणि टास्क मॅनेजरमधला लिहिण्याचा वेग बघत राहा. ड्राइव्ह मदरबोर्डवरच लावा. यूएसबी केसमध्ये केसचाच वेग मोजला जाईल.

आता खानदेशातली खास अडचण. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या आसपास असतो, बंद खोलीत एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी) सहज 75-80 अंशांवर जाते आणि स्वतःच वेग कमी करते. तो दोष फ्लॅशच्या माथी मारू नका. पहाटे, कॅबिनेट उघडून, पंखा लावून पुन्हा चाचणी घ्या. मधे फाइल डिलीट करून तासभर मशीन नुसतं चालू ठेवा, म्हणजे कॅश मोकळी होईल. वेग दोन्ही वेळा साधारण तेवढ्याच जीबीला पडला आणि खालीच राहिला, तर कॅश संपली. करवतीसारखा वर-खाली होत असेल आणि गारव्यात सुधारला, तर उष्णता, हीटसिंक लावा.

नुसतं टॅली चालवणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) लग्नसराईत रोज शेकडो जीबी फुटेज उतरवणाऱ्याला मात्र रात्र पुरणार नाही. खोक्यावर वेग 'पर्यंत' असा छापलेला असतो, तेव्हा वॉरंटीत भांडून फारसं हाती लागत नाही. स्क्रीनशॉट घ्या आणि परतीच्या मुदतीतच ड्राइव्ह परत करा.