क्रूझला वॉकर घेऊन निघालात? आधी या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी केंद्राचं शटर ओढायच्या वेळी कोणीतरी हमखास येतं. ‘ताई, सोमवारी आईला घेऊन क्रूझला निघतोय, एक वॉकर द्या ना.’ आईची उंची किती, कुठला गुडघा दुखतो, जहाजावरच्या खोलीचं दार किती रुंद, यातलं काहीही विचारलं की समोरचा घड्याळ बघायला लागतो. डिपॉझिट किती, एवढंच त्याला हवं असतं.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका रुग्णसाहित्य केंद्रात मी अकरा वर्षं वॉकर, काठ्या आणि व्हीलचेअर देण्याघेण्याचं काम करते. पूर्वी लोक ऑपरेशननंतर यायचे. आता पावसाळा संपला की मुंबईहून निघणाऱ्या जहाजांसाठीही येतात. याचा मला मनापासून आनंद आहे. गुडघे गेले म्हणून आईवडिलांनी खिडकीतून रस्ता बघत बसावं, असं मला मुळीच वाटत नाही. पण त्याच त्याच चुका बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहिते आहे.

दाराचं माप न घेता बुकिंग करणं

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तिची किंमत माझ्या आईने मोजली.

२०२३ च्या जानेवारीत आईला घेऊन गोवा-लक्षद्वीपच्या सफरीला गेले. ती ७८ वर्षांची. घरात चार पायांच्या साध्या वॉकरवर छान चालायची. बुकिंग करणाऱ्या माणसाला मी सांगितलं होतं की आई वॉकर वापरते. तो म्हणाला, ‘सीनियर सिटिझन आहेत ना, सगळी व्यवस्था होते.’ मी विश्वास ठेवला. रोज दुसऱ्यांना प्रश्न विचारणारी मी, स्वतःच्या आईसाठी एक प्रश्न विचारला नाही.

खोलीचं दार २३ इंच आणि आमचा वॉकर खाली पायांपाशी २५ इंच. वॉकर वर अरुंद दिसतो, पण तोल राहावा म्हणून त्याचे पाय खाली बाहेरच्या बाजूला फाकलेले असतात, आणि माप तिथलंच धरायचं असतं. दरवेळी दारात वॉकर मिटायचा, आईने चौकटीला धरून आत यायचं, मग मी वॉकर आत उघडून द्यायचा. रात्री तो बाहेर पॅसेजमध्ये ठेवावा म्हटलं तर कर्मचाऱ्याने नम्रपणे नकार दिला. आग लागली तर त्याच अरुंद पॅसेजमधून शेकडो माणसं बाहेर पडणार असतात, तिथे काही ठेवता येत नाही. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

खरी अडचण बाथरूमची. पाणी बाहेर येऊ नये म्हणून साध्या केबिनच्या बाथरूमला बऱ्याच जहाजांवर उंच उंबरठा असतो. आमच्या केबिनचा वीतभर होता. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला आईने हाक मारली. मी तिला मागून धरलं, तिने एक पाय उंबरठ्यापलीकडे टाकला आणि तेवढ्यात जहाज हललं. फार नाही, घरात कोणी जोरात दार आपटल्यावर जाणवतं तेवढंच. पण आईचा एक पाय आत, एक बाहेर. तिने हाताला लागली ती टॉवेलची दांडी धरली. ती दांडी टॉवेलचं वजन पेलायला असते, माणसाचं नव्हे. एका बाजूचा स्क्रू सुटून दांडी तिच्या हातात लोंबकळली. मी खांदा मध्ये घातला म्हणून ती पडली नाही, पण गुडघा पिरगळला. पुढचे दोन दिवस ती पलंगावर पडून होती. समुद्र तिने गोल खिडकीतून पाहिला. ‘मला कशाला आणलंस गं,’ असं एकदाच म्हणाली. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

तेव्हापासून जो कोणी क्रूझचं नाव काढेल त्याला मी हे सांगते. बुकिंगच्या वेळीच ‘ॲक्सेसिबल केबिन’ मागा. तिचं दार व्हीलचेअर जाईल इतकं रुंद असतं, बाथरूमला उंबरठा नसतो, भिंतीत आधाराचे मजबूत दांडे असतात आणि अंघोळीला बसायची सोय असते. अशा खोल्या प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. तोंडी ‘हो’ वर विसंबू नका. केबिनच्या दाराची रुंदी, बाथरूमच्या दाराची रुंदी आणि उंबरठ्याची उंची, हे तीन आकडे ईमेलवर मागून घ्या. साध्या केबिनची दारं बऱ्याच जहाजांवर २२-२३ इंचांचीच असतात, म्हणजे नेहमीचा वॉकर जेमतेम जाईल किंवा अडेल. ॲक्सेसिबल मिळालीच नाही तर निदान जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची आणि लिफ्टजवळची केबिन घ्या. तिथे डोलणं कमी जाणवतं.

माझी एक सवय आहे, शास्त्र वगैरे नाही. दाराचा आकडा हातात आला की घरात दोन खुर्च्या बरोबर तेवढ्या अंतरावर ठेवायच्या, मध्ये वीतभर जाडीची घडी घातलेली सतरंजी टाकायची आणि आईबाबांना वॉकरसकट त्यातून जायला सांगायचं. पाच मिनिटांत सगळं कळतं.

झिजलेलं रबर

ही माझी दुसरी दुखरी जागा. वॉकर उलटा करून त्याच्या पायाचं रबरी बूट कधी पाहिलंय? नव्या रबराच्या तळाला गोल गोल खाचा असतात, त्यांनी फरशी धरली जाते. वापरून त्या गुळगुळीत होतात. मग रबर एका कडेने जास्त झिजतं, कारण आपण वॉकर सरळ उचलून ठेवत नाही, थोडा ओढतो. अजून झिजलं की आत बसवलेली लोखंडी चकती दिसायला लागते. असा वॉकर ओळखायला डोळ्यांचीही गरज नाही. चांगल्या रबराचा फरशीवर ‘थप’ असा दबका आवाज येतो, झिजलेल्याचा ‘टक’ असा कोरडा.

चार वर्षांपूर्वी वर्तकनगरचे एक काका वॉकर घेऊन क्रूझला गेले. पोहण्याच्या तलावाशेजारी डेक ओला होता. वॉकरचा मागचा डावा पाय सरकला, काका हातावर पडले आणि मनगट मोडलं. घरच्यांनी वॉकर परत आणून दिला तेव्हा मी तो उलटा केला. डाव्या पायाची चकती चमकत होती. तो वॉकर आमच्याच केंद्रातून गेला होता. आदल्या दिवशी घाईत मागितला, घाईत दिला. घाई त्यांची होती, पण तपासायचं काम आमचं होतं. त्या दिवसापासून रबर बघितल्याशिवाय एकही वॉकर माझ्या हातून जात नाही, मग समोरच्याची गाडी खाली हॉर्न वाजवत का उभी असेना.

चार नवी रबरं एका पावभाजीच्या पैशात येतात. पाइपची जाडी मोजून घ्या. सैल रबर चिकटपट्टी गुंडाळून बसवायचा उद्योग करू नका. काठीलाही हाच नियम. आणि एक जास्तीचं रबर पर्समध्ये ठेवा, कारण जहाजावर ते मिळेलच असं नाही.

नवा कोरा वॉकर थेट जहाजावर उघडणं

मुलगा ऑनलाइन लाल रंगाचा चार चाकांचा वॉकर मागवतो. ब्रेक आहे, बसायला सीट आहे, खाली जाळी आहे. हौस मला कळते. पण ब्रेक दाबायला बोटांत ताकद लागते, आणि ज्यांच्या बोटांना संधिवात आहे त्यांच्या हातात ही गाडी पळते. डोलणाऱ्या जहाजावर तर नक्कीच. उलट, चार साध्या पायांचा वॉकर पॅसेजमधल्या जाड गालिच्यात अडखळतो. मधला मार्ग म्हणजे पुढे दोन चाकं, मागे दोन रबरं. बहुतेकांना मी तोच देते. शेवटी तुमच्या फिजिओथेरपिस्टचं ऐका, माझंही नको आणि ऑनलाइन रिव्ह्यूचं तर नकोच.

निदान पंधरा दिवस आधी घ्या. जहाजावर घालणार तेच बूट घालून ताठ उभं राहायचं, हात मोकळे सोडायचे आणि वॉकरची मूठ मनगटाच्या घडीपाशी येईल अशी उंची लावायची. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. चारही पायांची बटणं एकाच क्रमांकाच्या भोकात बसली आहेत का, ते मोजून बघा. मग रोज संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या. सोसायटीच्या पार्किंगचा उतार असेल तर तिथेही चालवा, कारण जहाजावर चढायचा पूल भरती-ओहोटीप्रमाणे कधी सपाट तर कधी चांगलाच चढा असतो.

आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. गेली अकरा वर्षं मी हे रोज सांगते आहे आणि दहातले सहाजण अजूनही दुखऱ्या बाजूलाच धरतात.

सीटवर बसवून ढकलणं

नका करू. चाकांच्या वॉकरची सीट ब्रेक लावून, थांबून बसण्यासाठी असते. ती व्हीलचेअर नव्हे. माणूस बसलेला असताना ढकललं की पुढचं चाक दाराच्या पट्टीला अडतं आणि वॉकर बसलेल्या माणसासकट उलटतो. लांबचं अंतर झेपत नसेल तर मिटणारी व्हीलचेअर वेगळी घ्या. धक्क्यावर जहाजाकडून व्हीलचेअर मिळते, पण ती साधारणपणे चढण्या-उतरण्यापुरती असते, सफरभर नाही.

सामानाबरोबर वॉकर देऊन टाकणं

धक्क्यावर बॅगा घेतल्या जातात आणि कित्येकदा काही तासांनी केबिनपाशी पोचतात. काठी बॅगेला बांधून दिली की तेवढे तास आजी खुर्चीला खिळून. सिंगापूरहून जहाज धरणाऱ्यांनीही काउंटरवर वॉकर देऊ नये, विमानाच्या दारापर्यंत वापरून तिथे टॅग लावून द्यावा. बॅटरीची व्हीलचेअर असेल तर विमान कंपनी आणि क्रूझ, दोघांनाही बॅटरीचा प्रकार आधी कळवा.

ठाण्याहून निघताना आणखी एक. ईस्टर्न फ्रीवेने पी. डिमेलो रोडला उतरलं की जहाजं सुटतात ते बॅलार्ड पिअर जवळच आहे, पण टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते आणि दोन बॅगांनंतर वॉकरला जागा उरत नाही. मोठी गाडी बुक करा. मग तो आजोबांच्या मांडीवर ठेवायची वेळ येत नाही.

वॉकरला रंगीत फीत आणि नाव-केबिन नंबरची चिठ्ठी बांधा. जेवणाच्या हॉलबाहेर सगळे ॲल्युमिनियमचे वॉकर एकसारखे दिसतात. बुफेचं ताट दुसऱ्याने आणायचं, वॉकरच्या मुठीला पिशवी लटकवायची नाही.

प्रत्येक बंदरात जहाज धक्क्याला लागतं असं समजणं

गोव्यात मुरगावला जहाज धक्क्याला लागतं, पूल उतरलात की जमीन. लक्षद्वीपला तसं नाही. बेटांभोवतीचं पाणी उथळ, प्रवाळाचं. मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि लहान होडीने बेटावर जावं लागतं. जहाजाच्या बाजूला होडी वरखाली होत असते आणि ती वर येईल त्या क्षणी पाऊल टाकायचं असतं. खलाशी दोन्ही बाजूंनी धरतात, पण एक मोठं पाऊल स्वतःच्या ताकदीने टाकावंच लागतं. समुद्र खवळला असेल तर वॉकर किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्याला ते नाही म्हणू शकतात. तेव्हा भांडू नका, त्यांनी नाही म्हटलं ते तुमच्याच माणसासाठी.

कुठल्या ठिकाणी होडी आहे ते बुकिंगआधी विचारा. आई होडीत चढू शकणार नसेल तर धक्क्याला लागणारी सफर निवडा. आणि वाळूत वॉकर चालत नाही. पाय रुततात, चाकं थांबतात. बेटावर पोचलात तर एक खुर्ची मिळवा आणि पाण्याच्या कडेला निवांत बसा.

ड्रिलला आजीला केबिनमध्ये झोपू देणं

संकटात जहाज सोडायची वेळ आली तर काय करायचं, याचा प्रवाशांकडून सराव करून घेतात, तेच ड्रिल. ‘तिला कशाला त्रास’ म्हणून आजीला खोलीत ठेवतात. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आपटून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल अजून झालंच नव्हतं. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे नव्या प्रवाशांचं ड्रिल जहाज निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर घ्यावं लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा आजीलाही ओळखता आला पाहिजे. आगीच्या वेळी लिफ्टवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर जाऊन सांगा की या केबिनमध्ये जिने न उतरू शकणारी व्यक्ती आहे, आणि त्यांनी ते लिहून घेतलं याची खात्री करा. पाच मिनिटांचं काम आहे. हे टाळणाऱ्यांना मी खरंच रागावते.

परत आल्यावर वॉकर तसाच कोपऱ्यात उभा करू नका. ॲल्युमिनियमला फारसं काही होत नाही, पण उंचीच्या बटणांमागच्या स्प्रिंगा आणि स्क्रू खारट हवेने गंजतात, वाळूने अडकतात. गोड्या पाण्याने धुवा, कोरडा पुसा, प्रत्येक बटण दोन-चारदा दाबून बघा. मग केंद्राचा असेल तर ठरल्या दिवशी परत आणा. यादीत पुढे कोणीतरी असतंच, आणि या वेळी एका मुलीने आईसाठी पंधरा दिवस आधी येऊन नाव लिहिलं आहे.