कॉम्प्रेशन टिकवण्याचे काम: गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, सकाळी सुरू व्हायला वेळ घेते, ऑइल वरचेवर घालावे लागते, अशी तक्रार घेऊन ग्राहक आला की शिकाऊ मुले लगेच हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवण्याची भाषा करू लागतात. मी त्यांना सर्वांत आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, मोजणारे गेज हातात देतो आणि मोजलेला प्रत्येक आकडा वहीत लिहायला लावतो. टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकण्यासारखे अपघात सोडले, तर कॉम्प्रेशन एका दिवसात जात नाही. ते सावकाश कमी होत असते, आणि आधीच्या सर्व्हिसिंगची नोंद हाताशी असली तर ही झीज इंजिन उघडण्याची वेळ येण्याच्या कितीतरी आधी ध्यानात येते.

पिस्टन वर येताना दाबली जाणारी हवा मुख्यतः तीन जागी अडवलेली असते: पिस्टनभोवतीच्या रिंगांपाशी, व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर आणि हेडखालच्या सीलपाशी, म्हणजे हेड गॅस्केटपाशी. देखभालीचे प्रत्येक काम करताना ते यांपैकी कोणत्या जागेसाठी आहे, हे स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्या.

तपासणी घाईने केली तर आकडे फसवतात. इंजिन गरम करून घ्या, इग्निशन आणि इंधनपुरवठा बंद करा, सर्व प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली असल्याची खात्री करून प्रत्येक सिलिंडरवर स्टार्टर सारखाच वेळ फिरवा. चांगल्या स्थितीतील पेट्रोल इंजिनात साधारणपणे १५० ते २०० पीएसआय (दाबाचे एकक) दाब मिळतो, परंतु प्रमाण मानायचे ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधील आकड्यालाच. माझ्या मते एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक अधिक बोलका असतो. तो १० ते १५ टक्क्यांच्या पुढे गेला, तर कारण शोधायलाच हवे. काट्याची चालही पाहत राहा. पहिल्या झटक्याला कमी दाखवून काटा पुढे हळूहळू चढत गेला तर संशय रिंगांवर जातो, आणि तो खालीच अडून राहिला तर व्हॉल्व्हवर. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर दाब ठळकपणे वाढला, तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजला आहे असे समजावे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाखवत असतील, तर त्या दोहोंमधले गॅस्केट फुटलेले असण्याची शक्यता मोठी असते. डिझेल इंजिनातील दाब पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असल्याने त्याचे गेज वेगळे असते, आणि त्यात ऑइल सोडून पाहण्याचा प्रयोग करू नये.

रिंगांचे आयुष्य ऑइलवर अवलंबून असते, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र रिंग झिजण्याआधी ती अडकते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ऑइल बदलण्याची मुदत टळत गेली की पिस्टनवरच्या रिंगेच्या खाचेत काळा चिकट थर साचतो, रिंग मोकळेपणाने फाकत नाही आणि बोअर शाबूत असूनही दाब निसटतो. जी गाडी रोज अगदी थोडे अंतर चालते, तिचे इंजिन पुरते तापतच नाही. त्यामुळे ऑइलमध्ये इंधन आणि ओलावा मिसळत राहतो. अशा गाडीचे ऑइल किलोमीटर भरण्याची वाट न पाहता महिन्यांच्या हिशेबाने बदलावे.

एअर फिल्टरचेही तसेच आहे. नवा फिल्टर बसवूनही डब्याची एक क्लिप नीट लागली नसेल, तर धूळ बाजूने आत जाते आणि रिंगा व बोअर दोन्ही घासून काढते. म्हणून फिल्टर बदलताना मी त्याच्या पुढच्या नळीत बोट फिरवून पाहतो. बोटाला कोरडी, बारीक माती लागली, तर हवा फिल्टरला टाळून आत येत आहे.

व्हॉल्व्हच्या बाबतीत टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलून उघडणाऱ्या भागाचा) आवाज हा फसवा सल्लागार आहे. आवाज करणारा टॅपेट सगळ्यांना खटकतो, परंतु गॅप (टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट) गरजेपेक्षा कमी असलेला टॅपेट गप्प असतो आणि तोच जास्त घातक ठरतो, कारण तापल्यावर लांब झालेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बरीचशी सीटमार्गेच हेडमध्ये उतरते. तो टेकलाच नाही, तर त्याची कड जळू लागते. जळालेला व्हॉल्व्ह हातात घेऊन फिरवून पाहा: कडेचा राखाडी पट्टा सगळीकडे सलग असतो आणि एकाच जागी तुटून तिथे वितळल्यासारखी खाच पडलेली असते. गॅसवर चालणाऱ्या अनेक इंजिनांत सीट लवकर झिजून गॅप कमी होत जातो. म्हणूनच, जिथे गॅप हाताने लावायचा असतो, तिथे टॅपेट ठरलेल्या मुदतीत, आवाज येवो वा न येवो, फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावेत.

गॅस्केट मात्र बहुतेक वेळा उष्णतेनेच जाते. कूलंटची पातळी, होज, पंखा आणि थर्मोस्टॅट ही तपासणी काही मिनिटांची असते, आणि ॲल्युमिनियमचे हेड एकदाच जास्त तापले तरी वाकू शकते. तापमानाचा काटा वर गेला, तर गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन लगेच बंद करावे, ते थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हे प्रत्येक ग्राहकाला गाडी ताब्यात देतानाच स्पष्ट शब्दांत सांगा.